मदत हवी आहे: राधानगरी परिसरातील गुरे आणि गवे यांचे विषाणूजन्य रोगांसाठीचे नमुने कोठे तपासून मिळतील?

रानहळद:
नमस्कार. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. पाळीव जनावरांचे विषाणूजन्य रोग वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचतात का, हा माझा विषय आहे. नमुने गोळा झालेले आहेत, परंतु ते तपासून देणारी प्रयोगशाळा मिळत नाही. एका ठिकाणी बाहेरचे नमुने स्वीकारत नसल्याचे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी कोणत्या विषाणूसाठी तपासायचे आहे असे विचारले आणि पुढे उत्तरच आले नाही. पुढील महिन्यात प्रगती अहवाल सादर करावयाचा आहे. सर्व प्रमुख विषाणूंची एकत्र तपासणी करून देणारी प्रयोगशाळा, तिचे शुल्क आणि संपर्काची पद्धत कोणास ठाऊक असल्यास कृपया लवकर सांगावे. विषयाचे महत्त्व मला ठाऊक आहे, त्यामुळे उत्तरे प्रयोगशाळेपुरती असावीत ही विनंती.

पंचगंगाकाठ:
नमुने म्हणजे नेमके काय आहे? रक्त, रक्तजल (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव), खपली, लाळ की शेण? कोणत्या जनावरांचे, आणि ते कशात साठवले आहे? एवढे समजल्याशिवाय कोणतीही प्रयोगशाळा होकार देणार नाही.

निवृत्त पशुवैद्य:
ताई, ज्या प्रयोगशाळेने आपणांस ‘कोणत्या विषाणूसाठी’ असे विचारले, तिने योग्य तोच प्रश्न विचारला. सर्व विषाणूंची एकत्र तपासणी अशी वस्तू आपल्याकडे नेहमीच्या कामात मिळत नाही. लाळ्या-खुरकूत, लम्पी चर्मरोग आणि शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर यांचे विषाणू वेगळ्या कुळांतील आहेत. लाळ्या-खुरकूताचा विषाणू तोंडातील व खुरांतील फोडांच्या सालीत भरपूर सापडतो, तर लम्पीचा विषाणू त्वचेच्या गाठीत आणि खपलीत. नमुना कोठून घ्यायचा हे आधी रोग ठरवतो, प्रयोगशाळा त्यानंतर येते. पंचगंगाकाठ यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, म्हणजे पुढचे सांगता येईल.

दूधकट्टा:
आमच्याकडे लम्पी आला होता तेव्हा कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने गाठी धुतल्या आणि जखमांवर हळद लावली, त्याने जनावरास पुष्कळ आराम पडला. बाधित गाईचे दूध पिऊ नये असे त्या वेळी अनेकांनी सांगितले, पण लम्पी माणसांस होत नाही आणि उकळलेले दूध चालते, हे गावोगावी पुन्हा सांगण्याची गरज आहे. आपल्या संशोधनात याचाही समावेश करावा.

रानहळद:
दूधकट्टा, आभार, परंतु माझा प्रश्न उपचारांविषयी नाही.

नमुन्यांचा तपशील देते. अभयारण्याच्या सीमेलगतच्या काही गावांतून गाई-म्हशींचे रक्तजल पशुवैद्यकांच्या मदतीने घेतले असून ते विभागात उणे २० अंश सेल्सिअसवर ठेवले आहे. त्याच गावांच्या उसाच्या फडांत आणि ओढ्याकाठी सापडलेले गव्यांचे शेण फॉर्मॅलिनमध्ये ठेवले आहे, कारण आमच्या विभागात कृमींच्या अंड्यांच्या तपासणीसाठी तीच पद्धत आहे. उन्हाळ्यात गावातील म्हशी ज्या डोहात बसतात, त्याच डोहावर रात्री गवे येतात. काठच्या चिखलात दोघांचे खूर एकमेकांवर उमटलेले मी स्वतः पाहिले आहेत. लम्पी आणि लाळ्या-खुरकूत या दोन रोगांमध्ये मला अधिक रस आहे.

निवृत्त पशुवैद्य:
आता नीट बोलता येईल. प्रथम लम्पीविषयी. भारतात या रोगाची नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली आणि २०२२ च्या मोठ्या साथीत महाराष्ट्रात गाईवर्गाला शेळ्यांच्या देवीची लस सरसकट टोचण्यात आली. ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे, आणि तिने निर्माण होणारी प्रतिपिंडे (रोगजंतूविरुद्ध शरीर तयार करते ती संरक्षक प्रथिने) रोगाने निर्माण होणाऱ्या प्रतिपिंडांपासून नेहमीच्या चाचणीत वेगळी काढता येत नाहीत. म्हणजे लस टोचलेल्या गाईच्या रक्तजलात प्रतिपिंडे मिळाली, तर त्यावरून रोग येऊन गेला की केवळ सुई येऊन गेली, हे सांगता येणार नाही. त्यामुळे लम्पीसाठी हे रक्तजल तपासण्यावर पैसे खर्च करू नयेत.

लाळ्या-खुरकूताचे तसे नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ पासून दिली जाणारी लस निष्क्रिय आणि शुद्ध केलेली असते. तिच्यातून विषाणूची असंरचनात्मक प्रथिने, म्हणजे विषाणूच्या बांधणीत नसलेली पण तो शरीरात वाढताना तयार होणारी प्रथिने, बव्हंशी काढून टाकलेली असतात, आणि त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे प्रामुख्याने खऱ्या संसर्गानंतरच तयार होतात. ही प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीस एनएसपी एलायझा म्हणतात. वारंवार लसीकरण झालेल्या प्रौढ जनावरात काही वेळा खोटा होकार येतो, म्हणून ६ ते १८ महिन्यांची जनावरे निवडावीत. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे त्या वयापर्यंत साधारण ओसरलेली असतात आणि लसींची संख्याही कमी असते. आपण वय नोंदवले आहे काय?

प्रयोगशाळेचे म्हणाल, तर पहिले दार औंध, पुणे येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण विभागाचे. भुवनेश्वरजवळ अरुगुळ येथे लाळ्या-खुरकूताची राष्ट्रीय संस्था आहे, आणि लम्पीसारख्या रोगांसाठी भोपाळ येथे उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. तथापि आपण वैयक्तिक ई-मेल पाठवून नमुने रवाना करू नयेत. आपले मार्गदर्शक आणि जिल्ह्याचे पशुसंवर्धन अधिकारी यांच्या पत्रासह नमुने गेले, तर ते कोणाच्या टेबलावर पडून राहणार नाहीत.

कोळसुंद:
सगळे गाई-म्हशींभोवतीच फिरत आहेत, म्हणून मी वेगळे सुचवतो. राधानगरी आणि दाजीपूरच्या जंगलात कोळसुंदे (रानकुत्री) आहेत आणि सीमेवरील प्रत्येक वाडीत मोकाट कुत्री आहेत. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वन्य मांसभक्षकांपर्यंत पोहोचतो, याचे पुरावे सर्वांस ठाऊक आहेत. सेरेंगेटीत १९९४ मध्ये या विषाणूने सिंहांच्या संख्येच्या सुमारे एक-तृतीयांश बळी घेतले, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये तेवीस सिंह मरण पावले तेव्हाही तपासात हाच विषाणू पुढे आला. ताईंनी विषय बदलून कुत्री घ्यावीत. त्यांना पकडणे सोपे असते आणि मालकांची हरकतही नसते.

निवृत्त पशुवैद्य:
कोळसुंद, आपली चिंता रास्त आहे, पण ज्यांचे रक्तजल गोळा झाले आहे त्या संशोधकास या टप्प्यावर विषय बदलण्यास सांगणे मला योग्य वाटत नाही. आणि गव्यांविषयीची भीती कमी लेखू नये. बुळकांडी या गुरांच्या विषाणूजन्य रोगाने १९६८ च्या सुमारास बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत गव्यांचा मोठा संहार केला होता. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाली, पण गुरांचा रोग गव्यांपर्यंत पोहोचू शकतो हे तिने दाखवून दिले आहे.

कोळसुंद:
बुळकांडी गेली, डिस्टेंपर आहे. आज जे जंगल गिळू शकते त्याकडे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वनवाट:
परवानग्यांविषयी कोणीच काही लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. गवा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याचा कोणताही नमुना वैज्ञानिक अभ्यासासाठी घेण्याकरिता मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि अभयारण्यात प्रवेश करण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. शेतात सापडलेल्या शेणाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु प्रबंधाच्या परीक्षकांनी विचारल्यास आपल्या हाती कागद असलेला बरा. गव्याचा मृत्यू झाल्यास पंचनामा व शवविच्छेदन होऊन त्याच ठिकाणी विल्हेवाट लावली जाते. त्या वेळी उपस्थित राहण्याची लेखी परवानगी आधीच मिळवलेली असेल आणि त्या दिवशी आपली शीतपेटी तयार असेल, तरच काही हाती येते. विहिरीत पडलेला किंवा वाहनाची धडक बसलेला गवा बाहेरून निरोगी दिसत असला तरी त्याच्या घशातील व अन्ननलिकेतील खरवडून घेतलेला द्राव संशोधनासाठी मोलाचा ठरू शकतो.

सडेफिरस्ता:
मृत्यूची वाट पाहण्याची गरज नाही. वनखाते जंगलात ठेवते त्या मिठाच्या चाटणावर गवे रोज जीभ लावतात. लाळ्या-खुरकूताचा विषाणू लाळेतून बाहेर पडतो. पहाटे उन्ह येण्यापूर्वी चाटणावरून बोळा फिरवून तो विषाणूवाहक माध्यमात (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) घेतला, तर प्राण्याला हात न लावता नमुना मिळेल. मी हाच मार्ग धरावा असे आग्रहाने सुचवतो.

निवृत्त पशुवैद्य:
बाधित गोठ्यांतील पृष्ठभागांवरून या विषाणूची जनुकीय सामग्री सापडते हे खरे आहे, पण ते साथ ऐन भरात असताना. जंगलातील चाटणावर ऊन, पाऊस, सांबर, रानडुक्कर आणि कधी गावची गाय असे सर्व काही येते. होकार आला तरी तो कोणत्या जनावराचा, हे सांगता येणार नाही, आणि नकार आला तर त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.

सडेफिरस्ता:
कोणत्या जनावराचा हे त्याच बोळ्यातील लाळेच्या डीएनएवरून ओळखता येते. कॅमेरा लावला की आणखी पडताळा होतो. प्रत्येक नवीन पद्धतीस आपण असा नकार दिला, तर गव्यांविषयी माहिती कधीच जमणार नाही.

पंचगंगाकाठ:
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण फॉर्मॅलिनमधील शेणाचा विषय सुटून गेला. फॉर्मॅलिनमुळे जनुकीय सामग्री जखडली जाते आणि तुटते, त्यामुळे विषाणूंच्या पीसीआरसाठी (जनुकीय सामग्रीवरून विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठी) ते शेण भरवशाचे नाही. कृमींच्या अंड्यांसाठी मात्र ते अजूनही उपयुक्त आहे, फेकू नये. यापुढील नमुने आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात किंवा थेट बर्फावर घ्यावेत. लम्पी त्वचेतील गाठींत राहतो, त्यामुळे शेणात त्याचा शोध घेणे मुळातच क्षीण वाट आहे.

दुसरे, गुरांची लसीकरणाची माहिती मालकाच्या स्मरणशक्तीवर सोडू नये. कानातील पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्यावर लसीकरणाची नोंद शासकीय प्रणालीत होते. तो क्रमांक आपल्या नोंदवहीत असल्यास पशुधन पर्यवेक्षकांकडून लसीच्या तारखा मिळवता येतील.

भुदरगडी:
आमच्या भागात संशोधक येतात, रक्त काढून नेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. तपासणीत काही आढळल्यास त्या गोठ्यापर्यंत निरोप यावा. शिवाय प्राण्यांच्या साथीच्या रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचित रोग आढळल्यास तो कळवणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात असावे. जंगलात फिरताना पायांना गोचीड लागू देऊ नये. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाने माणसे आजारी पडली आहेत.

रानहळद:
सर्वांचे मनापासून आभार. वय आणि बिल्ल्याचे क्रमांक दोन्ही नोंदवलेले आहेत, त्यामुळे लसीच्या तारखा आता मागवते. लम्पीची प्रतिपिंडे या टप्प्यावर सोडून देते आणि एनएसपी एलायझासाठी ६ ते १८ महिन्यांची जनावरे वेगळी काढते. उरलेले रक्तजल गोठवलेलेच ठेवीन. भुदरगडी, प्रत्येक मालकाला निकाल लेखी देण्याची जबाबदारी माझी.

मात्र एक शंका राहते. गुरांत लाळ्या-खुरकूत येऊन गेल्याचे दिसले, तरी तो गव्यांकडे गेला असे मी लिहू शकते काय?

निवृत्त पशुवैद्य:
नाही. त्यावरून एवढेच लिहिता येईल की ज्या डोहावर गवे येतात, तेथील गुरांमध्ये संसर्ग होऊन गेलेला आहे. गव्यांकडे गेला असे म्हणण्यास गव्यातील विषाणू हवा, आणि कोणाकडून कोणाकडे हे ठरवण्यास दोन्हीकडील विषाणूंच्या बाह्य कवचातील व्हीपी-१ या भागाचा जनुकीय क्रम जुळवून, तारखांशी ताडून पाहावा लागेल. आपल्या प्रगती अहवालात पहिला भाग पूर्ण झाल्याचे आणि दुसऱ्या भागासाठी वनविभागाकडे अर्ज केल्याचे लिहावे. समितीस तेवढे पुरेसे वाटेल. औंधला पाठवायच्या पत्रात रक्तजलाची संख्या, घेतल्याची तारीख, गावे, जनावरांची वये, लसीची शेवटची तारीख आणि ‘एनएसपी एलायझा’ ही मागणी स्पष्ट असावी. रक्तजल तापू न देता बर्फासह पाठवावे आणि प्रत्येक नळीवर बिल्ल्याचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा, कारण कागदी चिठ्ठी बर्फाच्या ओलीने सुटते.

सडेफिरस्ता:
वनविभागाच्या अर्जात चाटणावरील बोळ्यांचाही उल्लेख करावा. परवानगी एकदाच मागावी लागेल.

वनवाट:
तो उल्लेख करण्यास हरकत नाही, पण मृत गव्यांच्या शवविच्छेदनाची विनंती वेगळ्या परिच्छेदात ठेवावी, अन्यथा एकाच्या शंकेवर दुसरे अडकून राहील.