मदत हवी आहे: 'शरीफ' ही पदवी जन्माने की पदाने?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांसाठी १९१६ च्या अरब उठावावर टिपण काढतोय आणि गाडी 'शरीफ'पाशी अडकली आहे. आपल्याकडे शरीफ म्हणजे सज्जन, पापभीरू माणूस. अरबी मुळात अर्थ उच्चकुलीन. पैगंबरांच्या वंशजांना, हिजाझमध्ये (मक्का-मदिनेच्या प्रदेशात) विशेषतः नातू हसन यांच्या वंशाला शरीफ म्हणत. दुसरे नातू हुसेन यांच्या वंशाला सय्यद.

इथवर ठीक. पण मक्केचा कारभार पाहणाराही 'मक्केचा शरीफ'च! १९०८ मध्ये उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाने हुसेन बिन अली यांना तिथे नेमलं, त्यांनीच पुढे त्या सत्तेविरुद्ध उठाव केला. मग मुलं विचारणारच, की सगळे वंशज शरीफ, तर यांचं वेगळेपण काय? 'अमीर' हे पद आणि 'शरीफ' हे कूळ, अशी फोड केली तर चालेल का?

दुसरं, पंधराव्या शतकातले इजिप्तचे विद्वान सुयूती लिहितात की आधी अब्बासी (बगदादच्या खलिफांच्या) घराण्यातलेही शरीफ म्हणवत, फातिमी खलिफांनी इजिप्तमध्ये ती पदवी हसन-हुसेन यांच्या वंशापुरती ठेवली. हा बदल राजकीयच वाटतो, नाही का? वंशावळी तपासायला 'नकीब' नावाचा अधिकारी असे, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळात पागोट्याला हिरवी खूणही आली. आईकडून नातं असेल तर नकीब नोंद करत का?

शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी यांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, ही परंपरा ठाऊक आहे. तिकडे नको वळायला. अरबी किंवा उस्मानी इतिहास वाचलेल्यांनी कृपया सांगा. मराठीत काही वाचनीय असेल तर तेही सुचवा.