मदत हवी आहे: चिकुनगुनियानंतर आबांना अँटीऑक्सिडंटचं ज्यूस द्यावं का?

नमस्कार मंडळी. इथं वाचते रोज, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. घरात बोलून सुटत नाही म्हणून विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही यावल तालुक्यातले, केळीची शेती. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, वय ७१. शुगर बारा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, जळगावला नेऊन काढला. यंदा गणपतीत त्यांना चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. दिवाळी होऊन गेली तरी सकाळी मुठी वळत नाहीत. एका घावात घड उतरवून खांद्यावर घेणारा माणूस आता चहाची बशी दोन्ही तळहातांत धरून पितो. पाहवत नाही.

भाऊबीजेनंतर नणंदेच्या सासरकडचा एक मुलगा घरी आला. तो एका कंपनीची साखळी चालवतो, कंपनीचं नाव घेत नाही. त्यानं एक लिटरची बाटली आणली, किंमत २,८५० रुपये. सकाळ-संध्याकाळ तीस-तीस मिली घ्यायचं, म्हणजे सोळा दिवसांत बाटली संपते. 'कोर्स' तीन महिन्यांचा, सहा बाटल्यांचा. त्यानं माझ्याकडून काचेचा ग्लास मागून घेतला, पाणी भरलं आणि जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचे चार थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. मग त्यात दोन चमचे ज्यूस ओतलं, आणि बघता बघता पाणी निवळलं. म्हणाला, "आबा, व्हायरस शिरला की शरीर आतून असं गंजतं. हे ज्यूस असं धुऊन काढतं." आबांनी ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. एक बाटली लगेच घेतली.

बाटलीवर व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, हळदीचा अर्क असं लिहिलंय. हीच म्हणे अँटीऑक्सिडंट, म्हणजे शरीर असं 'गंजू' न देणारी द्रव्यं. सोबतच्या कागदावर 'ओआरएसी' नावाचे, म्हणजे अँटीऑक्सिडंटची ताकद दाखवणारे, मोठमोठे आकडे आहेत, संत्र्याच्या कितीतरी पट.

आता खरी अडचण सांगते. आमच्या जिजी, म्हणजे सासूबाई, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेल्या. तेव्हापासून आबांच्या मनात एकच बसलंय: "तिले येळेवर गोया देल्या असत्या तं वाचली असती." देवघराच्या फळीवर स्टीलचा एक डबा आहे, त्यात व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या असतात. स्वतः रोज दोन घेतात. रात्री झोपायच्या आधी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हाक मारून एक त्याच्या तळहातावर ठेवतात आणि तो गिळेपर्यंत समोर उभे राहतात. इतकी वर्षं एकही दिवस चुकलेला नाही. मी कधी अडवलं नाही, कारण त्या गोळीत काय आहे ते मला माहीत आहे.

पण आता गोळ्यांवर हे ज्यूसही सुरू झालं तर? मुतखडा परत होईल का? शुगरवर परिणाम होईल का? आणि मुळात अँटीऑक्सिडंटनं प्रतिकारशक्ती वाढते, व्हायरसचा आजार लवकर बरा होतो, यात खरं किती? आमचे हे म्हणतात, "घेऊ दे, मनाला बरं वाटतं ना." मला तसं सोडून देता येत नाही. नुसतं 'बंद करा' म्हटलं तर आबा ऐकणार नाहीत, आणि जिजींची जखम पुन्हा उघडायची मला भीती वाटते. त्यांना कसं सांगू, तेही सुचवा.

औषधपेटी

ताई, मी धरणगाव भागात औषधाचं दुकान चालवतो, एकवीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

आधी त्या ग्लासाबद्दल. प्रयोग खरा आहे, लावलेला अर्थ खोटा. आयोडीन तांबूस असतं. व्हिटॅमिन सी त्याला इलेक्ट्रॉन देतं, त्याचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला रंग नसतो. झालं एवढंच. आवळा किसून त्याचा रस टाका, तसंच होईल. आबांसमोर करून दाखवा, खर्च काही नाही.

दुसरं म्हणजे, शरीर 'गंजतं' हे अर्धवट सांगितलंय. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि त्याला मारायला ऑक्सिजनपासूनच जहाल रसायनं बनवतात. त्यातलं एक तर गावच्या टाकीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरच्या जातीचं असतं. म्हणजे ऑक्सिडंट हे शरीराचंच हत्यार आहे. ते हत्यार चालवताना आपलेच हात भाजू नयेत म्हणून या पेशी रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट व्हिटॅमिन सी स्वतःत साठवतात. म्हणून ते कमी पडलं तर प्रतिकारशक्ती खरोखर ढासळते. पण पेशी एकदा भरल्या की वरून ओतलेलं त्यांत मावत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला ८० मिलीग्रॅम आणि बाईला ६५ सांगितलंय. आबा नुसत्या गोळ्यांतूनच हजार घेताहेत. एका वेळी जितकं जास्त घ्याल तितकं कमी प्रमाणात शोषलं जातं, आणि शोषलेल्यातलंही जास्तीचं लघवीवाटे जातं. जाताना त्यातल्या काहीचं ऑक्झलेट बनतं, आणि मुतखडे बहुतेक त्याचेच असतात. खडा होऊन गेलेल्या माणसानं, त्यातही आपल्या भागातल्या ४४-४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात, हा धोका घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्दीवर व्हिटॅमिन सीच्या २९ चाचण्यांचा, अकरा हजारांवर लोकांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये आला. रोज गोळी घेऊन सामान्य माणसाची सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये आठ टक्क्यांनी लवकर आटोपली, म्हणजे सात दिवसांतला अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या गोळ्यांचा तर धड फायदा दिसलाच नाही. ही सगळी समजूत पसरली ती लायनस पॉलिंग यांच्यामुळे. दोन नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, त्यांनी १९७० मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि जगानं ऐकलं. माणूस मोठा होता, पण चाचण्यांनी त्यांना साथ दिली नाही.

कोरोनाचंही सांगतो, कारण आबांच्या मनात तेच आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. घरीच उपचार घेणाऱ्या २१४ रुग्णांपैकी काहींना दिवसाला आठ हजार मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी, काहींना झिंक, काहींना दोन्ही दिलं. लक्षणं लवकर गेली नाहीत, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. आठ हजार, ताई. डब्यातल्या सोळा गोळ्या.

ते ओआरएसीचे आकडे परीक्षानळीतले आहेत. माणसाच्या तब्येतीशी त्यांचा संबंध लागत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये ती यादीच काढून टाकली.

आबा विडी ओढतात का? फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली होती, १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाण्यानं असं होत नाही, गोळीनं झालं. आणि शुगरचं म्हणाल तर व्हिटॅमिन सी फार झालं की काही ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवतात. ज्यूसमध्ये साखर किती आहे तेही बाटलीवर बघा.

पोगा

वहिनी, सावद्याजवळ आमचा बाग आहे. आबा केळीवाले आहेत ना, मग त्यांना हरण्या आठवून द्या. हरण्या म्हणजे व्हायरसच, काकडीवरून, भोपळ्यावरून मावा नावाची कीड तो केळीवर आणते. आमच्याकडे आला तेव्हा दुकानदारानं जे दिलं ते फवारलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं, टॉनिक, सगळं. पानं चार दिवस हिरवी दिसली आणि पोगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडलाच. शेवटी रोगट झाडं उपटून गाडली, बागेच्या कडेची काकडी काढली, मावा आवरला, तेव्हा उरलेला बाग वाचला. खत-पाणी वेळेवर मिळालेलं झाड तग धरतं, हे खरंच. पण त्याला दुप्पट खत घातलं म्हणून हरण्या भीत नाही. कोणताही केळीवाला हे मान्य करेल.

आणि चिकुनगुनियाचा मावा म्हणजे मच्छर. नळ आठवड्यानं येतो म्हणून घरोघरी ड्रम भरलेले असतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासून कोरडं ठेवायचं. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

साधी गृहिणी

माझ्या आईला असंच एक ज्यूस घेऊन गुडघ्याला फरक पडला. सगळंच खोटं म्हणू नका.

औषधपेटी

ताई, तुमच्या आईंना बरं वाटलं याचा आनंदच आहे. त्यांचा गुडघा कशानं दुखत होता ते मला माहीत नाही, पण चिकुनगुनियाचे सांधे बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सैल होतात. त्या काळात जे घेतलं असेल, श्रेय त्याला मिळतं. म्हणून तर घेणारे आणि न घेणारे शेजारी शेजारी ठेवून तपासावं लागतं.

सातपुड्यातली सिस्टर

मी धडगावकडे आरोग्यसेविका आहे. एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहिते. जिथं पोटालाच कमी आहे तिथं जीवनसत्त्वानं जीव वाचतो. गोवर झालेल्या लेकराला आम्ही लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतो, त्यानं डोळे वाचतात, जीव वाचतो. चीनमध्ये ज्या भागात मातीतच सेलेनियम फार कमी होतं तिथं लोकांना हृदयाचा आजार व्हायचा. पुढं उंदरांवर दिसलं की सेलेनियम कमी असलेल्या शरीरात साधा विषाणूसुद्धा बदलून घातक होतो. म्हणजे कमतरता भरून काढणं हा उपचार आहे. तुमच्या आबांना कमतरता नाही, तुमच्या मुलालाही नसावी. ती २,८५० ची बाटली पाहून माझ्या पाड्यांवरची पोरं आठवली, दुसरं काय सांगू.

मुलाला गोळीऐवजी पेरू द्या. संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी असतं त्यात. आवळा आहे, पुढच्या महिन्यात मेहरूणची बोरं येतील. जेवणात कच्ची कांद्याची पात, वरून लिंबू, कारण शिजवलं की बरंचसं व्हिटॅमिन सी जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते कळवते.

रविवारी बांधावरच्या झाडाचे चार आवळे किसून फडक्यातून रस काढला. ग्लास तोच घेतला. थेंब आबांनाच टाकायला सांगितले. बोटं वळत नव्हती, बाटली दाबायला त्यांना वेळ लागला, आम्ही थांबलो. रसाचा एक चमचा पडला आणि पाणी निवळलं. आवळ्याचा जरा गढूळपणा राहिला, तांबडा रंग मात्र गेला. मग मुलानं लिंबू पिळून केलं, त्यातही गेला. आबा म्हणाले, "हे तं आपल्या आवयानं बी झालं." बाकी काही बोलले नाहीत.

हरण्याची गोष्ट आमच्या ह्यांनी काढली, मी नाही काढली. आबांनीच पुढं सांगितलं कोणत्या वर्षी किती खोडं उपटली ते. अर्धा तास तेच चाललं होतं.

जिजींचं मी रात्री सांगितलं, ती आठ हजारवाली चाचणी. ते ऐकत होते. मग विचारलं, "मंग त्या गोयांनी नसतीच वाचली ती?" मी म्हटलं, "आबा, तपासून पाहिलंय लोकांनी, त्या गोळ्यांनी फरक पडत नव्हता. तुमच्याकडून काही राहिलं नाही." ते कड बदलून झोपले. मला कळलं नाही, बरं केलं की वाईट. सकाळी डबा फळीवर नव्हता.

मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं. व्हिटॅमिन सी आणि ज्यूस दोन्ही बंद करायला सांगितलं, पाणी वाढवायला सांगितलं, सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. सांध्यांसाठी पॅरासिटामॉल, आणि कोमट पाण्यात हात बुडवून मुठी वळायचा व्यायाम, दिवसातून तीनदा. विडी आबांनी तीस वर्षं ओढली, जिजी गेल्यावर सोडली. ते ऐकून बीटा कॅरोटीनवरही डॉक्टरांनी काट मारली. दोन महिन्यांनीही आखडलेपणा राहिला तर हाडांच्या नाही, सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. भुसावळ-जळगावकडे चांगल्या फिजिओथेरपीचा कोणाला अनुभव असेल तर खाली लिहा.

ड्रम आता शनिवारी घासतो, मुलगा नारळाच्या काथ्यानं कडा घासतो. रात्री तो आबांजवळ जाऊन सवयीनं हात पुढं करतो, आबा त्यावर पेरूची फोड ठेवतात आणि संपेपर्यंत उभे राहतात.

बाटली अजून कपाटात आहे, पाऊण भरलेली. पैसे परत मागावेत असं मला वाटतं. आबा नको म्हणतात, पोराचं तोंड पडेल.