स्पोर्ट्समन ५७० : २५ चे काढून २७ चे टायर घालावेत का? (कोकण, आंब्याची बाग)

कलमवाला
नमस्कार मंडळी. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० आहे (एटीव्ही, म्हणजे हँडलवाली चारचाकी), जुनं मॉडेल. कंपनीचे टायर पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२. नक्षी संपत आलीय, त्यामुळे बदलायचे तर आहेतच. गाडीचा वापर सगळा बागेत: खताच्या गोणी, फवारणीचा ड्रम, काढणीच्या दिवसांत क्रेट. वरचा सडा म्हणजे नुसता जांभा, खालच्या अंगाला लाल माती, पावसाळ्यात तिथे चिखल. मधला उतार बऱ्यापैकी आहे. दुकानदार म्हणतो २७ चे मड टायर (चिखलासाठीचे, उंच ठोकळ्यांचे) घाला, गाडी उंच होते, रुतत नाही. रिम तेच ठेवायचे आहेत. साइज बदलली तर बाकी कुठे कुठे फरक पडतो?

पाना_नंबर_१७
पहिला आकडा हवा भरल्यावरची टायरची उंची, दुसरा रुंदी, शेवटचा रिमचा व्यास, सगळे इंचात. २५ चे २७ केले की गाडीचं पोट वर येतं फक्त एक इंच, कारण वाढलेल्या दोन इंचांतला एकच आसाच्या खाली असतो. तेही कागदावर. काही टायर छापलेल्या मापापेक्षा अर्धा इंच कमीच भरतात.

त्या एका इंचाची किंमत बघा. परीघ ८ टक्के वाढला, म्हणजे सगळे गिअर तेवढे उंच झाले, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. जमिनीवर पोचणारा जोर साडेसात टक्क्यांच्या आसपास उतरतो, उताराला इंजिनचा ब्रेकही तेवढाच ढिला पडतो. वर २७ चा मड टायर मूळ टायरपेक्षा नगाला तीन ते सहा किलो जड. हे वजन चाकाच्या कडेला, त्यामुळे गाडी उचलताना आणि थांबवताना दोन्हीकडे जाणवतं. मीटर २५ दाखवेल तेव्हा गाडी २७ ने पळत असेल, पण बागेत त्याने काही अडत नाही.

अडतं ते बेल्टपाशी. या गाडीत सीव्हीटी आहे, म्हणजे इंजिनचा जोर दोन पुल्यांवरच्या रबरी बेल्टने चाकांकडे जातो. ओझं घेऊन हळू चढताना पुढची पुली पूर्ण आवळलेली नसते, बेल्ट घसरतो, तापतो, त्याची बाजू काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग तो कायमचाच घसरायला लागतो. जळक्या रबराचा वास आला की समजायचं. मोठ्या टायरने हे लवकर होतं. ताशी ११-१२ किलोमीटरच्या खाली किंवा ओझं असताना ‘लो’ गिअरमध्येच चालवा, टायर कोणताही असो.

सड्यावरचा
दुकानदाराला विचारण्याआधी गाडी रुतते तेव्हा नेमकी कुठे अडकते ते बघा. चिखलात पोटाचा सपाट ठसा उमटला असेल, चाकं अधांतरी फिरत असतील, तर उंची कमी पडतेय. पोट मोकळं आहे पण टायर लाल मातीने भरून डोनटसारखे गुळगुळीत झालेत, तर उंचीचा काही संबंध नाही, नक्षी माती टाकत नाहीये. तिथे २५ चाच पण ठोकळ्यांत जास्त अंतर असलेला टायर पुरतो.

आणि जांभ्याचं विसरू नका. मड टायरचे ठोकळे इंचभर किंवा त्याहून उंच असतात. कठीण कातळावर ते वाकतात, कडा झिजतात, हँडलला थरथर येते. जांभ्याच्या धारेने बहुधा साइडवॉल (टायरची बाजू) कापते, आणि तिथे पंक्चरचा प्लग टिकत नाही. ६ प्लाय रेटिंगच्या (टायरच्या मजबुतीचा आकडा) खाली जाऊच नका. ठोकळे पाऊण इंचाच्या आसपास बस झाले.

चिखलमास्तर
मी २७ च्या बाजूने. गुडघाभर चिखल असेल तर २५-२६ चा खेळ नाही. २७×९-१२ पुढे, २७×११-१२ मागे, सोबत क्लच किट: पुढच्या पुलीत हलकी वजनं आणि मागच्या पुलीत कडक स्प्रिंग. त्याने इंजिन जास्त आरपीएमला राहतं आणि बेल्टवरची पकड सुटत नाही. किटशिवाय २७ घालणारा माणूस बेल्टवाल्याचं घर चालवतो, एवढं मात्र मान्य.

सड्यावरचा
@चिखलमास्तर, गुडघाभर चिखलासाठी बरोबर. पण त्यांना ओझं घेऊन उतारावरून यायचंय. आस इंचाने वर, म्हणजे गाडीचा तोल इंचाने वर, त्यात कॅरिअरवर गोणी. आडव्या उताराला ते मला पटत नाही.

कलमवाला
धन्यवाद. आज बघून आलो. पोटाचा ठसा एकाच जागी, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला, बाकी सगळीकडे टायर भरून घसरतात. चिखल वीतभर. मागच्या कॅरिअरवर ५०-५० किलोच्या दोन गोणी असतात. मागे फक्त जाड टायर टाकून पुढचे आहेत तेच ठेवले तर चालतील का? पुढच्यांत थोडी नक्षी आहे.

पाना_नंबर_१७
नाही चालणार, आणि तुमच्या गाडीत तर मुळीच नाही. पोलारिसचं पुढचं डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना जोर देणारी गिअरपेटी) फोर-व्हील ड्राइव्हचा स्विच दाबला म्हणून लगेच ओढत नाही. पुढची चाकं रस्त्यावर जेवढी फिरतात त्यापेक्षा डिफरन्शियलची रिंग मुद्दाम जरा हळू फिरवलेली असते. मागची चाकं घसरली की रिंग पुढच्या चाकांना गाठते, आतले रोलर अडकतात आणि पुढची ओढ सुरू होते. पुढचे टायर झिजून लहान आणि मागचे नवे मोठे असले की ही तफावत वाढते. मागची चाकं भरपूर घसरून खड्डा केल्यावरच पुढची जागी होतात. उलट पुढचे मोठे, मागचे लहान झाले तर रोलर सारखेच अडकून राहतात, हँडल जड होतं आणि गिअरवर फुकटचा ताण येतो. चारही एकदम बदला, पुढे-मागे उंची एकच.

उंची छापील आकड्यावर मोजू नका. दोन्हीकडे ठरलेली हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून एक पूर्ण फेरा घ्या, अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. पुढचा-मागचा फरक अर्ध्या इंचाच्या आत हवा. (यामाहा रॅप्टरसारख्या स्पोर्ट एटीव्हींना पुढे २२, मागे २० चे टायर असतात, पण त्यांना फोर-व्हील ड्राइव्ह नाही. ते बघून नक्कल करू नका.)

वजनाचं: कॅरिअरवरचं स्टिकर वाचा. जुन्या ५७० ला मागे १८० पौंड, म्हणजे ८२ किलोची मर्यादा आहे. दोन गोणी म्हणजे १८ किलो जास्त. एक मागे, एक ट्रॉलीत. टायर हा त्यावरचा उपाय नव्हे.

सड्यावरचा
तुमच्यासाठी माझं मत: २६×८-१२ पुढे, २६×१०-१२ मागे. ६ प्लाय, ऑल-टेरेन (सगळ्या जमिनींसाठीचे), ठोकळे मोकळे. रुंदी मूळचीच असल्याने तुमच्या रिमवर नीट बसतात, परीघ फक्त ४ टक्के वाढतो, क्लच किट लागत नाही. पुढचा टायर अरुंद राहिलेला बरा. तो वीतभर चिखल कापून खालच्या घट्ट मातीला लागतो आणि हँडलही हलकं राहतं. २६×९ आणि २६×११ सहज मिळतात, पण ९ चा टायर सहा इंची रिमवर जरा फुगीर बसतो. व्हाळाच्या काठाला चार पाट्या दगड टाका, एका जागेसाठी २७ नको.

घेताना साइडवॉलवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा: ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. आपल्याकडे हे टायर फारसे खपत नाहीत, दुकानात पडून कडक झालेला माल गळ्यात मारतात.

पाना_नंबर_१७
बसवताना दोन गोष्टी. पंक्चरवाला सवयीने ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठोकतो, तसं करू देऊ नका. टायर रिमवर बसवायचा कमाल दाब साइडवॉलवर छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. कड बसत नसेल तर साबणाचं पाणी, व्हॉल्व्हची पिन काढून हवा, आणि टायरच्या मधोमध आवळपट्टा. फिरण्याच्या दिशेचा बाण बघून घ्या, एक चाक हमखास उलटं बसवतात.

नंतर पट्ट्याने पुढचं सस्पेन्शन खाली खेचून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. पायदानापाशी आणि आतल्या सस्पेन्शनच्या आर्मपाशी किमान एक इंच जागा हवी. चिखल चिकटला की त्यातली अर्धी जाते.

हवा स्टिकरवर लिहिलेली, थंड टायरला. या गाड्यांचा दाब ५-७ पीएसआयच्या घरात असतो, म्हणून ०-१५ चा वेगळा गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या गेजवर एवढं कमी नीट वाचताच येत नाही. डाव्या-उजव्यात एक पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. चिखलासाठी हवा कमी करायचा मोह होतो, पण ४ च्या खाली आडव्या उताराला टायर रिमवरून निसटतो. भरायला पायपंप पुरतो.

कलमवाला
२६×८ आणि २६×१० बघतो. गेज आजच मागवला.