स्प्लेंडर-शाइनवरून थेट ३५० वर उडी मारायची गरज नाही, आपल्या खान्देशात १६० ते २५० चीच गाडी बरी

तापीकाठ
२२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात दर दुसरा पोरगा स्प्लेंडर नाहीतर शाइन देऊन ३५० आणायच्या गोष्टी करतोय. रॉयल एनफिल्डची हंटर स्वस्त झाली, क्लासिक स्वस्त झाली, घेऊन टाका. अरे पण कर काय फक्त ३५० चाच उतरला का, १६०, २००, २५० सगळ्यांचाच उतरलाय ना. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याचा हात आजवर ११२ किलोच्या स्प्लेंडरवर बसलाय त्याने एकदम १८१ किलोच्या हंटरवर किंवा १९५ किलोच्या क्लासिकवर जायचं काहीच कारण नाही.

आकडेच बघा. हंटर ३४९ सीसी, ताकद २०.४ पीएस (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप). अपाची २०० फोरव्ही १९७ सीसी, ताकद २०.८ पीएस, वजन १५२ किलो. म्हणजे ताकद तेवढीच आणि ओझं २९ किलो कमी. पल्सर एन२५० तर २४.५ पीएस आणि १६४ किलो. मग ३५० च्या आकड्यात नेमकं मिळतं काय?

आणि आपले रस्ते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपड्याहून सावद्याकडं निघा, समोरून केळीचा ट्रक, त्याला ओव्हरटेक करणारा दुसरा ट्रक, आपल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावंच लागतं, पावसाळ्यात तिथं काळी माती, टायरच्या खाचा क्षणात भरून जातात आणि पुढचं चाक आपलं ऐकत नाही. तिथं पाय टेकून गाडी सावरायची असते. हलकी गाडी सावरते, जड गाडी आपल्याला घेऊन बसते. मी अपाची २०० वापरतो, शेत, बाजार, जळगाव सगळं तिच्यावरच, अजून कधी वाटलं नाही की काही कमी पडतंय.

धुळेकर_३५०
भाऊ तुम्ही पीएस सांगितलं, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, खाऊन टाकला. हंटरचा टॉर्क २७ एनएम आणि तो ४००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळतो. तुमच्या अपाचीचा १७ च्या आसपास, आणि त्यासाठी इंजिन चांगलंच ओरडवावं लागतं. ज्याला गियर न पाडता ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागून निघायचंय त्याला हाच फरक कामाला येतो.

दुसरं, वजनाचा हिशोब रिकाम्या गाडीवर करून चालत नाही, रिकामी गाडी कोण चालवतं? दोन माणसं मिळून दीडशे किलो धरा. अपाची झाली ३०२, हंटर ३३१. फरक राहिला दहा टक्के. आणि टॉर्क दीडपटीच्या वर. तोरणमाळच्या सातपायरी घाटात डबलसीट चढून बघा, कोण दुसऱ्या गियरमध्ये धापा टाकतं ते कळेल.

तुमचा रस्ता यावल-सावद्याचा आहे हो, पण अर्धा खान्देश हायवेवर आहे. धुळे-जळगाव चौपदरी झाल्यापासून ट्रेलर काय वेगाने जातात माहितेय ना, बाजूने गेला की हवेचा असा धक्का बसतो की हलकी गाडी लेनमधून सरकते. तिथं वजन आपल्या बाजूने असतं.

केळीबाग
तापीकाठशी पूर्ण सहमत, पण कारण वेगळं, खिसा. महिन्याला १२०० किमी फिरणारा माणूस धरा, तालुक्याहून जळगावला ये-जा करणारा सहज एवढा फिरतो. स्प्लेंडर ६० चा अॅव्हरेज देते, २० लिटर लागतं. ३५० ने ३५ दिला तर ३४ लिटर. पेट्रोल शंभरच्या वर आहे म्हणजे महिन्याला चौदा-पंधराशेचा फरक नुसत्या पेट्रोलचा, वर हप्ता. टायर वेगळे, हंटरचा मागचा १४०/७०-१७ आहे, स्प्लेंडरच्या टायरच्या भावात येत नाही तो. केळीचा भाव पडला की हप्ता थांबत नाही हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला पाहिजे का.

धुळेकर_३५०
पेट्रोलचा हिशोब बरोबर आहे, पण मग २५० काय ६० देते का? ती पण ३५-४० च देणार. १६० ने ४५ दिला तर तुमचे सातशे-आठशे वाचतील, तेवढंच. आणि इन्शुरन्स बघा. २०२२ च्या दरात नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी १५० ते ३५० सीसीला ७३६५ रुपये. म्हणजे अपाची १६० ला जेवढा तेवढाच हंटरला, स्लॅब एकच. खरं वाचवायचं असेल तर १५० च्या आत थांबा, तिथं ३८५१ आहे.

नंदुरबार_४००
तुम्ही लोक २० पीएसवर भांडताय. पल्सर एनएस४००झेड मे २०२४ मध्ये १ लाख ८५ हजार एक्स-शोरूमला आली, ३७३ सीसी, ४० पीएस, १७४ किलो. हंटरपेक्षा हलकी आणि ताकद दुप्पट. सुरत हायवेला कोंडाईबारी घाटात पाचव्या गियरमध्ये चढते. दोन लाखाच्या आसपास खर्च करायचाच असेल तर पूर्ण पैसे वसूल करा की.

तापीकाठ
@नंदुरबार_४०० स्प्लेंडर चालवणाऱ्याला ४० पीएस देऊ नका, हात जोडून सांगतो. स्प्लेंडरला ८ पीएस आहेत, पाचपट होतात. स्प्लेंडरवाल्याला सवय असते पिकअप हवा असला की मूठ पूर्ण पिळायची, कारण पूर्ण पिळल्याशिवाय ती जातच नाही. तीच सवय ४०० वर नेली तर पहिल्या आठवड्यात काय होईल? आमच्या भागात अशा बातम्या वाचून वाचून जीव विटलाय.

शिवाय ३५० च्या वर गेलं की जीएसटी ४० टक्के. सुरुवातीला काही कंपन्यांनी तो बोजा स्वतःवर घेतला, कायम घेतील असं नाही. थर्ड पार्टी ३५० च्या वर १५११७, म्हणजे दुपटीच्या पण वर. ३७३ सीसीसाठी हे सगळं भरायचं आणि चालवायची कुठं, चोपडा बसस्टँडसमोर?

मिस्त्री_पारोळा
मी रोज या गाड्या खोलतो म्हणून लिहितो. ३५० का २०० हा प्रश्न नंतरचा, आधी हे समजून घ्या की स्प्लेंडरनंतर कोणतीही गाडी घेतली तरी गाडी सांभाळायची पद्धत बदलते, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

चेन घ्या. स्प्लेंडरला पूर्ण चेनकव्हर, आत चिखल जात नाही, लोक सहा-सहा महिने बघत नाहीत तरी चालतं. अपाची, पल्सर, हंटर सगळ्यांची चेन उघडी. शेतातून आली की काळी माती चेनमध्ये बसते, वाळली की दगड, आणि वरून कोणीतरी जळकं ऑइल ओततं, मग माती आणि ऑइलचा मलम होतो आणि तो स्प्रॉकेटचे दात खातो. माझ्याकडं चेन-सेट बदलायला येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांचं हेच असतं. डिझेल-रॉकेलचा बोळा घेऊन पुसायची, सुकू द्यायची, मग ९० नंबरचं गियर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब, मागचं चाक हाताने फिरवत. जड गाडीला चेनवर ताण जास्त म्हणून तिथं हयगय लवकर अंगाशी येते.

किक. स्प्लेंडरला किक आहे, हंटरला नाही, एनएस ४०० ला नाही. बॅटरी बसली की धक्का मारा. १८१ किलोला धक्का मारणारा माणूस सोबत पाहिजे.

ऑइल. ३५० ला स्प्लेंडरच्या जवळपास दुप्पट लागतं. तरी मी म्हणेन की ३५० चं ते इंजिन संथ फिरतं, गावात चाळीसच्या स्पीडला चौथ्यात निवांत चालतं, ज्याला पळवायचं नाही त्याला ते सोसतं. २०० वाले पोरं कायम वरच्या आरपीएमला ठेवतात. म्हणून मी कोणाच्याच बाजूने नाही, गाडी घेणाऱ्याचा हात बघून सांगतो.

सावदेकर_शिक्षिका
बायकांचा विचार कोणी केलेला दिसत नाही म्हणून लिहिते. मी रोज शाळेत स्वतः गाडी चालवत जाते, आधी शाइन होती, आता हंटर. माझी उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. तापीकाठ दादा, तुमचं वजनाचं म्हणणं कागदावर पटतं, पण गाडी पडते ती पाय न टेकल्यामुळे. हंटरची सीट ७९० मिमी आणि वजन खाली आहे, माझे दोन्ही पाय टेकतात. हलकी म्हणून एक्सपल्स २०० सुचवतात सगळे, तिची सीट ८२५ मिमी, माझी नुसती बोटं टेकायची. मला कोणती सुरक्षित, तुम्हीच सांगा. मागचा शॉकअप कडक होता हे सगळे म्हणायचे, २०२५ मध्ये कंपनीने तो बदलला आणि ग्राउंड क्लिअरन्स १० मिमीने वाढवला, नवीन घेणाऱ्याने तोच मॉडेल बघावा.

अमळनेरकर
भाऊ, जी गाडीवर बसीसन दोन्ही पाय जमीनले टेकतस तीच लेवानी. बाकी मंग.

तापीकाठ
ताई, तुमच्या उंचीला हंटर बसली असेल, मान्यच. पण अपाचीची सीट पण ८०० च आहे, दहा मिमीचा फरक आणि वजन २९ किलो कमी. चालत्या गाडीवर वजन कळत नाही, ते कळतं शाळेच्या आवारात मुरुमावर गाडी मागे ओढताना, उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी काढताना. दर वेळेस कोणी मदतीला असेलच असं नाही.

सावदेकर_शिक्षिका
उतारावर नाक खाली करून लावायचीच नाही, मागे ढकलून लावायची. हे मी पहिल्याच दिवशी शिकले. बायकांना जड गाडी झेपणार नाही असं धरून चालू नका एवढंच म्हणणं आहे.

दीपनगर_शिफ्ट
इंजिनावरून एवढं चाललंय, ब्रेकवर कोणीच बोलेना. मी भुसावळहून रात्रपाळीला जातो. रात्री हायवेला रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पन्नास फुटांवर दिसते, तेव्हा १७ एनएम का २७ एनएम याला काही किंमत नसते. साध्या स्प्लेंडरला पुढं-मागं १३० मिमीचे ड्रम. १२५ च्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारं) २०१९ पासून सक्तीचं आहे, म्हणजे १५०-१६० घेतली तरी पुढं डिस्क आणि एबीएस मिळतंच. माझ्या मते स्प्लेंडरवरून वर जायचं एकमेव खरं कारण हे आहे. फक्त सिंगल चॅनल का ड्युअल हे विचारून घ्या, स्वस्त व्हेरियंटमध्ये मागच्या चाकाला एबीएस नसतं, आणि घाबरल्यावर आपला पाय आधी मागच्याच ब्रेकवर जातो, स्प्लेंडरची सवय. त्या हिशोबाने मी तापीकाठकडं झुकतो. थांबवायचं ओझं कमी असलेलं बरं.

धुळेकर_३५०
ब्रेकचं शंभर टक्के. पण ड्युअल चॅनल हंटरच्या वरच्या व्हेरियंटला पण आहे, अलॉय आणि ट्यूबलेस पण त्यालाच. खालच्या व्हेरियंटला स्पोक आणि ट्यूब. रात्री कन्नड घाटात पंक्चर झाली तर ट्यूबलेसला खिळा तसाच ठेवून हवा मारत चाळीसगाव गाठता येतं, ट्यूबवाल्याने काय करायचं. थोडे पैसे वाचवायला कोणीही खालचा व्हेरियंट घेऊ नका, मग १६० च घ्या, माझी हरकत नाही.

पारोळा_नवीन
सगळं वाचलं, डोकं अजून गरगरतंय. मी रोज पारोळा-धुळे करतो, स्प्लेंडरच आहे, ७० च्या वर गेली की हँडलला मुंग्या येतात. बजेट ऑन रोड १ लाख ६० हजार. आईला दर पंधरा दिवसांनी धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं, ती एका बाजूला पाय सोडून बसते. शेतावर युरियाची गोणी पण मीच नेतो. काय घेऊ?

तापीकाठ
पल्सर एन१६० नाहीतर अपाची १६० फोरव्ही, ड्युअल चॅनलवाली, दोघांसाठी एकच सलग सीट असलेली बघून. पैसे पण उरतील.

धुळेकर_३५०
रोज हायवे आहे तर १६० ला ८० च्या वर तोच त्रास, एक वर्षात परत विकायला काढशील. थोडं थांब, अजून पैसे जमव, हंटरचा वरचा व्हेरियंट घे. किंवा दोन-तीन वर्षं जुनी क्लासिक बघ, आईला तिच्या मागच्या सीटवर बसायला सगळ्यात आराम.

तापीकाठ
आईला घेऊन जुनी १९५ किलोची गाडी, सर्व्हिस हिस्ट्री माहीत नाही, हे मला नाही पटत.

मिस्त्री_पारोळा
@पारोळा_नवीन या दोघांचं ऐकायच्या आधी दोन गोष्टी कर. स्प्लेंडर विकू नको, एक्सचेंजला कवडीमोल भाव लावतील आणि युरियाची गोणी या नव्या गाड्यांवर बसत नाही, सीटला उतार असतो, गोणी तुझ्या पाठीत येते. ती शेतासाठी राहू दे. आणि टेस्ट राइडला आईला सोबत ने, लुगड्यावर ती चढते कशी, साडीगार्डवर पाय नीट टेकतो का, पकडायला मागं काय आहे ते बघ. एकट्याने फेरी मारून हो म्हणू नको. शोरूमवाला डबलसीट देत नसेल तर माझ्या गॅरेजला १६० आणि ३५० दोन्ही गाड्या सर्व्हिसिंगला येतात, मालकाला विचारून आईला नुसतं बसवून तरी बघता येईल. रविवारी सकाळी ये, दुपारी ऊन फार असतं.

पारोळा_नवीन
येतो काका. आईला सांगतो.

धुळेकर_३५०
बसवल्यावर इथं लिही कोणत्या सीटवर बरं वाटलं ते.