डिजिटल वस्तू कोणत्या प्लॅटफॉर्मवर विकावी? विक्रेत्यांचे अनुभव

ई-पुस्तके, मुलांच्या सरावपत्रिका, संगणकावर चित्रे काढणाऱ्यांसाठीचे डिजिटल ब्रश, ध्वनिमुद्रणे, व्हिडिओ अभ्यासक्रम असे काही तयार करून इंटरनेटवर विकणारे मराठी लोक आता बरेच आहेत. मात्र कुठे विकावे, या प्रश्नावरची चर्चा बहुधा कमिशनच्या टक्केवारीपाशीच थांबते. माझ्या मते टक्केवारी शेवटी पाहावी. गिऱ्हाईक कुठले आहे, ते पैसे कशाने देते, कराची जबाबदारी कोणाच्या नावावर पडते आणि गिऱ्हाइकांची यादी कोणाच्या हाती राहते, हे आधी पाहावे. आपण काय विकता आणि प्लॅटफॉर्म कशावरून ठरवला, हे इथे सविस्तर लिहावे, ही विनंती. दर आणि नियम नावानिशी लिहावेत. तक्रार असल्यास कंपनीचे नाव घेऊ नये.

सरावपत्रिका, नाशिक

मी पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मराठी वाचन-लेखनाच्या सरावपत्रिका पीडीएफ स्वरूपात विकते. माझे गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्रातले पालक, आणि तेही मोबाइलवरूनच खरेदी करणारे. त्यामुळे यूपीआय नसलेला प्लॅटफॉर्म माझ्यासाठी बादच होता. कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या पानापर्यंत येऊन पालक परत फिरतात आणि मग व्हॉट्सॲपवर "ताई, जीपे चालेल का?" असे विचारतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

इन्स्टामोजो, रेझरपे अशा ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या भारतीय सेवांकडे मी याच कारणाने वळले. रेझरपेचा सर्वसाधारण दर व्यवहाराच्या २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा आहे, म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीमागे २ रुपये ३६ पैसे जातात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचा एमडीआर (विक्रेत्याकडून घेतले जाणारे व्यवहारशुल्क) शून्य असला, तरी गेटवे, म्हणजे पैसे स्वीकारून देणारी सेवा, आपले सेवाशुल्क वेगळे लावू शकते, हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. शिवाय केवळ पैसे स्वीकारणारे पान आणि पैसे जमा होताच फाइल पोहोचवणारे दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात फाइल पाठवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि पालकांची खरेदी तर मुले झोपल्यावर, रात्री उशिरा चालते.

एक बारीक वाटणारी गोष्ट मला फार महत्त्वाची ठरली. पालक फाइल ई-मेलमध्ये शोधत नाहीत. ती फोनच्या डाउनलोडमधून उचलून झेरॉक्सच्या दुकानदाराला पाठवतात. काही प्लॅटफॉर्म फाइलचे मूळ नाव बदलून अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ लावतात, मग पालकाला फाइल सापडत नाही आणि दुकानदारालाही ओळखू येत नाही. म्हणून "इयत्ता-२-जोडाक्षरे" हे नाव जसेच्या तसे पोहोचते का, हे मी आधी स्वतः एक खरेदी करून पाहते. फाइलही ए-४ आकाराची, एकाच रंगाची आणि चारही बाजूंना मोकळी जागा सोडलेली असते.

ई-पुस्तके, सातारा

आमच्याकडे वडिलांच्या जुन्या कादंबऱ्यांचे हक्क आहेत. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले, आणि मराठी वाचक तिथे आपणहून पुस्तके शोधतो, म्हणून आम्ही ॲमेझॉनचे केडीपी, म्हणजे किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा, निवडले. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत नोंदवावे लागते आणि ९० दिवसांच्या त्या मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र विकता येत नाही. नाहीतर ३५ टक्क्यांवर समाधान मानावे लागते. ही अट आम्ही विचारपूर्वक स्वीकारली, कारण स्वतःच्या संकेतस्थळावर वाचक आणण्याइतका वेळ आमच्यापाशी नाही. कोणत्या वाचकाने पुस्तक घेतले, हे मात्र कधीच कळत नाही.

खरा वेळ गेला तो मजकूर तयार करण्यात. जुन्या छपाईच्या फाइली श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीतल्या होत्या, आणि त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणल्यावर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसत होता, पहिली वेलांटी सुटत होती आणि "ऱ्या" तर हमखास मोडत होता. अक्षरन् अक्षर पुन्हा वाचावे लागले. प्लॅटफॉर्म कोणताही घ्या, या कामातून सुटका नाही.

चित्रकारांसाठीचे ब्रश, पुणे

माझे जवळजवळ सगळे गिऱ्हाईक भारताबाहेरचे आहे, त्यामुळे नाशिकच्या ताईंच्या उलट यूपीआयचा मला काहीच उपयोग नाही. गमरोड या डिजिटल वस्तू विकण्याच्या परदेशी प्लॅटफॉर्मवर थेट दुव्यावरून झालेल्या विक्रीवर १० टक्के आणि प्रत्येक व्यवहारामागे ५० सेंट घेतले जातात. त्यांच्या स्वतःच्या बाजारपेठेतून गिऱ्हाईक आले तर ३० टक्के. २ डॉलरच्या वस्तूमागे या पहिल्या हिशेबानेच ७० सेंट, म्हणजे ३५ टक्के जातात. म्हणून स्वस्त, सुटे ब्रश विकणे मी बंद केले आणि मोठे संच बांधले.

तरीही मी तिथेच आहे, याचे कारण म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून कागदोपत्री विक्रेता गमरोड असते आणि देशोदेशीचा विक्रीकर किंवा व्हॅट तेच गोळा करून भरतात. हे काम एकट्या माणसाच्या आवाक्यातले नाही. पेपालबद्दलही सांगतो: १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेपालने पैसे घेता येत नाहीत, ते फक्त परदेशातून आलेल्या पैशांसाठी वापरता येते.

कर सल्लागार, कोल्हापूर

मी स्वतः विक्रेता नाही, पण असे विक्रेते माझ्याकडे येतात. डिजिटल वस्तू ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा आहे आणि तिच्यावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो. छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकाच्या ई-आवृत्तीला मात्र २०१८ पासून ५ टक्के दर आहे, त्यामुळे साताऱ्याच्या मंडळींनी छापील प्रती जपून ठेवाव्यात. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे. दुसऱ्या राज्यात विकले की लगेच नोंदणी हवी, ही समजूत सेवांच्या बाबतीत २०१७ पासून खरी राहिलेली नाही. निर्यातीची, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांना केलेल्या विक्रीची, रक्कमही या २० लाखांत मोजली जाते, हे पुण्याच्या सद्गृहस्थांनी लक्षात घ्यावे. नोंदणी झाल्यावर कर न भरता निर्यात करायची असल्यास एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षासाठी दाखल करावे लागते.

मराठी शिकण्याची चित्रपत्रे, लंडन

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी मी चित्रपत्रे करते. ब्रिटनमध्ये ९० हजार पौंडांपर्यंतच्या उलाढालीला व्हॅटची नोंदणी लागत नाही, परंतु जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या आईने माझी फाइल घेतली, तर तिच्या देशाचा व्हॅट पहिल्याच विक्रीपासून देणे लागतो. मी वापरते तो पेहिप हा प्लॅटफॉर्म हा कर स्वतः भरतो आणि मासिक शुल्क नसलेल्या योजनेत ५ टक्के कापतो. तिथे पीडीएफच्या पानांवर खरेदीदाराचा ई-मेल उमटवण्याचीही सोय आहे. शाळेच्या गटात फाइल फिरवण्याआधी पालक निदान विचार करतात.

हिशेबाचा अभ्यासक्रम, ठाणे

युडेमी या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या स्वतःच्या दुव्यावरून आलेल्या विद्यार्थ्याच्या रकमेतले ९७ टक्के मला मिळतात, पण त्यांच्या शोधातून आलेल्याचे ३७. मी त्याकडे जाहिरातीचा खर्च म्हणून पाहतो.

नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रणे, फोंडा

आम्ही बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या प्लॅटफॉर्मवर आहोत. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापले जातात, पण किमान किंमत ठरवून "त्याहून अधिक द्यायचे तर द्या" अशी मुभा ठेवता येते, आणि परदेशी स्थायिक झालेले रसिक खरोखरच अधिक देतात.

विणकामाचे नमुने, सांगली

माझे खाते एका प्लॅटफॉर्मने कागदपत्रांच्या फेरतपासणीच्या नावाखाली अचानक गोठवले, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि जमा झालेले पैसे कित्येक आठवडे अडकून पडले. मदतकक्षाकडून साचेबंद उत्तरांपलीकडे काही मिळत नव्हते. त्या काळात दोनच गोष्टी उपयोगी पडल्या. खरेदीदारांची यादी मी नियमाने उतरवून घेत होते, आणि जाहिरातींत प्लॅटफॉर्मचा दुवा न देता माझ्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता देत होते. तो पत्ता नव्या दुकानाकडे वळवला आणि आधी नमुने घेतलेल्या प्रत्येकीला फाइली पुन्हा विनामूल्य पाठवल्या. अडकलेले पैसे पुढे मिळाले, पण आता खात्यात रक्कम साठू देत नाही. पैसे काढण्याचे वेळापत्रक आठवड्याचे आहे की महिन्याचे, हे नवा प्लॅटफॉर्म निवडताना मी सर्वांत आधी विचारते.