लग्नपत्रिकेच्या पाकिटावर नाव आणि पत्ता कसा लिहावा?

वधूमाय_मिरज:
नमस्कार. मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि पत्रिका छापून आल्या आहेत. पाकिटांवर छापील लेबले न चिकटवता नावे हातानेच लिहावीत, अशी घरात सर्वांची इच्छा आहे. परंतु पाकीट गडद मरून आणि गुळगुळीत असल्यामुळे शाई धरत नाही आणि ओळीही तिरक्या जातात. शिवाय नावांविषयी शंका आहेत. एकाच वाड्यात राहणाऱ्या, पण चुली वेगळ्या असलेल्या तीन भावांना एकच पत्रिका चालेल का? यजमान गेल्यानंतर मुलाकडे राहणाऱ्या मावशींचे नाव कसे घालावे? पत्नी डॉक्टर असेल तर ‘सौ.’ आधी लिहावे की ‘डॉ.’? कृपया मार्गदर्शन करावे.

सुलेखन_छंद:
गडद पाकिटावर सोनेरी किंवा पांढरा जेल पेन उठून दिसतो, मात्र गुळगुळीत कागदावर तो सावकाश वाळतो. म्हणून लिहिलेली पाकिटे एकावर एक न रचता रात्रभर पसरून ठेवावीत आणि हळदीकुंकवाची बोटे दुसऱ्या दिवशी लावावीत. नावे पत्रिका आत घालण्यापूर्वी लिहावीत, कारण आतल्या कार्डाच्या कडेवर आणि उठावाच्या गणपतीवर पेन अडखळतो. ओळ सरळ येण्यासाठी पट्टी अक्षरांच्या खाली न ठेवता वर ठेवावी. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. वरची रेघ सरळ राहिली की ऱ्हस्व-दीर्घ उकार खाली कमीजास्त गेले तरी ओळ नीटच दिसते.

थोरली_जाऊ:
चुली वेगळ्या असतील तर पत्रिका वेगळ्या द्याव्यात, मग वाडा एक असला तरी हरकत नाही. एकत्र कुटुंबात घरातील वडीलधाऱ्यांचे नाव घालून पुढे ‘सहकुटुंब, सहपरिवार’ लिहिले की पुरते.

मावशींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. त्यांना मुलाच्या पाकिटावरील ‘आणि परिवार’मध्ये सामावून टाकू नये. ‘श्रीमती’ लावून त्यांचे पूर्ण नाव पहिल्या ओळीत लिहावे आणि मुलाचे व सुनेचे नाव त्याखाली यावे. शक्य असेल तर त्यांच्या नावाची स्वतंत्र पत्रिकाच द्यावी. काही घरांत अशा पाकिटाला हळदकुंकू लावायचे टाळतात, तेही मला पटत नाही, कारण ते बोट कार्याच्या मंगलासाठी लावलेले असते आणि मावशींइतके त्या मुलीचे मंगल कोण चिंतणार?

पत्नी डॉक्टर असल्यास ‘डॉ. सौ.’ असा क्रम रूढ आहे. लग्नानंतर जिने माहेरचे आडनाव ठेवले आहे, तिचे नाव तसेच लिहावे. सासरचे आडनाव आपल्या मनाने जोडू नये.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नावांची यादी बहुधा घरातील आधीच्या कार्याच्या वहीतून उतरवली जाते. मधल्या काळात कोण निवर्तले, हे नात्यातील एखाद्या जाणत्या माणसाला विचारून प्रत्येक नाव तपासून घ्यावे. गेलेल्या माणसाच्या नावाची पत्रिका त्याच्या घरी पोहोचली, तर त्या घराला जे वाटते ते नंतर क्षमा मागूनही भरून येत नाही.

वधूमाय_मिरज:
मनापासून आभार. मावशींची पत्रिका स्वतंत्रच देऊ आणि अक्षत घेऊन आम्ही स्वतः जाऊ. इंदूर आणि बंगळूरच्या नातेवाइकांना मात्र पत्रिका टपालाने पाठवाव्या लागतील.

टपाल_निवृत्त:
हाती द्यायच्या पाकिटावर नाव आणि गाव एवढे पुरे; पूर्ण पत्ता फक्त टपालाच्या पाकिटांवर लिहावा. ही पाकिटे साध्या पांढऱ्या पाकिटात घालून त्यावर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने पत्ता लिहिल्यास मूळ पाकिटावर शिक्के उमटत नाहीत आणि हळदीचे डागही बाहेर येत नाहीत. तिकीट उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आणि आपला पत्ता डावीकडे खाली असावा.

खेड्यातील पत्त्यात मु. पो., ता. आणि जि. हे तिन्ही हवेत, कारण वडगाव नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत. पिन कोड अंदाजाने लिहू नये. ४१५ ने सुरू होणारे पिन साताऱ्याकडे आहेत तसेच रत्नागिरीकडेही आहेत. नेमके टपाल कार्यालय शेवटच्या तीन अंकांवरून कळते. इंदूरला देवनागरी पत्ता सहज वाचला जाईल, परंतु बंगळूरचा पूर्ण पत्ता इंग्रजीत लिहावा आणि पिनचे आकडेही इंग्रजीच घालावेत. देवनागरी आकडे घालाल तिथे १ आणि ९ स्पष्ट वेगळे काढावेत, घाईत लिहिताना त्या दोघांतच गफलत होते.