मदत हवी आहे: टीडीए ७२९४ च्या अँपला कॉम्प्युटरचा कूलर लावला तरी वीस मिनिटांत आवाज गुल. शनिवारपासून सप्ताह!

टाळकरी_सेलू (सोमवार, रात्री ११:२०)
राम कृष्ण हरी. सरळ मुद्द्यावर येतो. घरी बनवलेला अँप (ॲम्प्लिफायर) आहे, टीडीए ७२९४ या आयसीचा बोर्ड. आधी ॲल्युमिनियमची पट्टी होती, ती लई तापायची. म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा गोल कूलर फॅनसकट बसवला. तरी वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज बंद पडायलाय. पाच-सात मिनिटं थांबलं की आपोआप सुरू. काल हरिपाठात बंद पडला तर सगळे माझ्याकडंच बघायले. शनिवारी मारुतीच्या पारावर सप्ताह बसतोय. कोणता मोठा कूलर घेऊ, एवढंच सांगा. बाकी सगळं बरोबर आहे.

सोल्डर_आणि_धूर (११:३४)
बाकी सगळं बरोबर असतं तर बंद पडला नसता. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा? स्पीकर किती ओहमचे, किती आहेत, कसे जोडलेत? आयसीखाली मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) आहे का?

परभणीकर४३ (११:४१)
आमच्याकडं एप्रिलात माणूस बंद पडतो, आयसीचं काय घेऊन बसलात. जगात जर्मनी अन् भारतात परभणी. अँप सावलीत ठेवा आणि ओलं फडकं टाका.

सोल्डर_आणि_धूर (११:४३)
ओलं फडकं? २३० व्होल्टच्या डब्यावर? टाळकरी, हे वाचू नका.

जुना_मेकॅनिक (११:५२)
मी चाळीस वर्षं रेडिओ-अँप दुरुस्त करतोय. ही आयसी बाजारात नकलीच जास्त येते. वरची अक्षरं बोटानं पुसली जातात का बघा. आयसी फेका, ५२००-१९४३ च्या जोडीचा बोर्ड घ्या. ते ट्रान्झिस्टर म्हणजे रेडा, कितीही ओढा.

टाळकरी_सेलू (मंगळवार, सकाळी ६:१०)
काका, नवीन बोर्डाला वेळ नाही. कूलर विचारलाय. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, पाच अँपिअर. स्पीकर आठ ओहमचे, दोन कॉलम. मायका नाही. कूलर प्लायवर बसवलाय, डब्याला टेकत नाही. आधी टेकवला होता तर फ्यूज उडाला. फॅन चांगला फिरतोय.

उदगीरची_वीज (सकाळी ७:०२)
मोठा कूलर म्हणजे तो उंच, तांब्याच्या नळ्यांचा घेणार असाल तर आधी माझं ऐका. मी हौसेनं तसा टॉवर आणला, भंगारवाल्याकडून. आयसी बसवायला तळात ड्रिल मारलं आणि बिट सरळ एका नळीत गेलं. फुस्स असा बारीक आवाज आला, बाहेर थेंबभर ओल. त्या नळ्या आतून पोकळ असतात, हवा काढून चमचाभरही नसेल एवढं पाणी भरलेलं असतं. तेच उकळून वर जातं, थंड होऊन खाली येतं. नळी फुटली की संपलं. नंतर खाली बोट ठेवलं तर चटका आणि वरचे पंख गारेगार. तुमचा साधा गोल आहे तोच बरा. ड्रिल मारायचंच तर मधल्या तांब्याच्या गोळ्यात मारा, तिथं नळी नसते. तांबं बिटाला धरतं म्हणून रॉकेलचे दोन थेंब टाकत जा, आणि तीन एमएमचे आटे पाडताना टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं.

टाळकरी_सेलू (७:१५)
भोक कधीच पाडून झालंय. आटे पण पाडलेत. पुढं बोला.

वावरातला_इंजिनिअर (सकाळी ९:३०)
कूलरच काढून टाका. हे कूलर फॅनच्या वाऱ्यासाठीच बनवलेले असतात, पंख एकमेकांना चिकटून. फॅन थांबला की त्या फटींतून हवा हलत नाही, मग त्याच्यापेक्षा आमच्या चुलीवरचा तवा बरा. मेलेल्या इन्व्हर्टरमधला जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक शोधा. त्याचे पंख बोटभर अंतरावर असतात. पंख उभे येतील असा डब्याच्या पाठीला बाहेरून लावा. फॅन नाही, आवाज नाही, धूळ नाही. सरकीच्या दिवसांत जिनिंगशेजारी फॅनवाला अँप ठेवून बघा, आठ दिवसांत आत गादी तयार होते.

सोल्डर_आणि_धूर (९:४१)
पंखांचं बरोबर बोललात, पण मेलेला इन्व्हर्टर शनिवारपर्यंत कुठून आणायचा?

वावरातला_इंजिनिअर (९:४४)
माझ्याकडं दोन आहेत.

सोल्डर_आणि_धूर (१०:२०)
बरं. टाळकरी, मी रात्री हिशेब केला, तो सरळ सांगतो. २४ व्होल्टचं डीसी केलं की १.४१ पट होतं, डायोडचं एक व्होल्ट गेलं तरी प्लस-मायनस ३३. या आयसीची डेटाशीट ३५ व्होल्टला आठ ओहम सांगते. चार ओहम लावायचे तर २७ व्होल्ट. तुम्ही दोन आठ-आठचे कॉलम समांतर जोडले असणार, म्हणजे चार ओहम. तेवढ्यात आयसीमध्ये सगळ्यात वाईट वेळी ५५ वॉटची उष्णता होते. आयसीच्या आतल्या चकतीपासून पाठीच्या पत्र्यापर्यंत दर वॉटला दीड अंश धरा, म्हणजे ८३ अंश तिथंच गेले. तुमच्याकडं मायका नाही, फक्त पेस्ट आहे, म्हणून त्याचे दहाच. तुमचा कूलर फॅनसह चालला तर वीसेक. बाहेर ४२. बेरीज १५५. आयसी १४५ ला स्वतःच आवाज बंद करते आणि १५० ला पूर्ण झोपते. बिघाड नाही, ती जीव वाचवतेय. संगीतात सतत एवढी उष्णता होत नाही हे मान्य, पण तुम्ही अँप कडेलोट होईपर्यंत वाजवत असणार. आता मुद्दा असा, की कूलर जगातला सगळ्यात भारी आणला, त्याचे वीसचे शून्य अंश केले, तरी बेरीज १३५ येते. तुम्ही कूलर विकत घेऊन वीस अंशांसाठी भांडताय. लोड (म्हणजे स्पीकरची जोडणी) बदलला तर निम्मी उष्णता जाते.

रिकामटेकडा (१०:३१)
आठ ओहमचा सबवूफर असेल तर बॉक्स किती घनफूट करावा? दहा इंची आहे.

जुना_मेकॅनिक (१०:५०)
मायका नाही हे कुणी बघितलं का? या आयसीची पाठ मायनस सप्लायला आतून जोडलेली असते. म्हणजे तुमचा कूलर सबंध वेळ मायनस ३३ व्होल्टवर उभा आहे. फ्यूज उगाच उडाला नव्हता.

उदगीरची_वीज (११:०५)
पण कूलर प्लायवर आहे ना. मायका नाही म्हणून उष्णता उलट चांगली जाते. मी पण तसंच चालवतो.

जुना_मेकॅनिक (११:१२)
आणि झाकण उघडं असताना कुणी कूलरवर पक्कड ठेवली आणि तिचं टोक डब्याला लागलं तर? दुकानात माझ्या डोळ्यांसमोर एका पोरानं स्क्रूड्रायव्हर टाकला. टिक्क. टोक वितळून कूलरला चिकटलं. घरी चालवा, पारावर शंभर माणसांत नको. मायका घाला, दोन्ही बाजूंना पेस्ट अगदी पातळ लावा, पोळीवर तूप लावतो तेवढी सुद्धा नाही. आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुशिंग. मग मीटर लावून आयसीची पाठ ते कूलर कंटिन्युइटी (वीज जायची वाट) येत नाही हे बघा.

सोल्डर_आणि_धूर (११:२५)
काकांशी मी या एका बाबतीत सहमत. नकलीबद्दल नाही.

टाळकरी_सेलू (दुपारी १:४०)
ओहमचं थोडं राहिलं सांगायचं. दोन कॉलम आहेत, आणि बायकांच्या बाजूला एक बॉक्स वेगळा ओढलाय. तो पण आठचा. तिन्ही एकाच वायरला.

सोल्डर_आणि_धूर (१:४२)
अरे देवा. तिन्ही समांतर! म्हणजे पावणेतीन ओहमच्याही आत. टाळकरी, त्या आयसीचा फोटो देव्हाऱ्यात लावा.

परभणीकर४३ (१:५५)
बायकांच्या बाजूचा बॉक्स मात्र काढू नका. महाराज येतील न येतील, त्या बंद पडल्याचं आधी सांगतील.

मुंबईहून_आलेला (दुपारी २:१०)
हे सगळं जुनं झालं. टीपीए ३११६ चा क्लास डी बोर्ड घ्या, तळहाताएवढा असतो, जवळपास तापत नाही. कूलर लावायचा प्रश्नच नाही.

सोल्डर_आणि_धूर (२:१६)
त्याला जास्तीत जास्त २६ व्होल्ट चालतात. यांच्याकडं २४-०-२४. अर्ध्या वाइंडिंगचंही ३३ होतं. लावल्याबरोबर धूर. दादा, समोरच्याकडं काय आहे ते वाचून उत्तर द्या की.

मुंबईहून_आलेला (२:२०)
२४ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर मिळतो.

टाळकरी_सेलू (२:३५)
भांडू नका. मला सांगा, शनिवारी काय करू? तीन स्पीकर पाहिजेतच.

वावरातला_इंजिनिअर (३:००)
फॅनला वीज कुठून दिलीय? हे कुणीच विचारलं नाही.

टाळकरी_सेलू (३:०८)
अँपच्या प्लसमधून ७८१२ (बारा व्होल्ट करून देणारी आयसी) टाकून. बारा व्होल्टच आलेत, मोजलेत. फॅनच्या चार तारांतली काळी आणि पिवळी घेतली, हिरवी-निळी टेप मारून सोडल्या.

वावरातला_इंजिनिअर (३:१५)
तारा बरोबर. हिरवी वेग कळवते, निळी वेग ठरवते, सोडल्या की फॅन पूर्ण वेगानं फिरतो. पण ७८१२ मध्येच गोम आहे! त्या तीन पायांच्या आयसीला ३५ च्या वर द्यायचं नसतं. तुमच्या गावात रात्री मोटारी बंद झाल्या की लाइट २५० ला जाते का? मग तुमचं ३३ चं ३६ होतं. शिवाय २१ व्होल्ट ती एकटी खाते. फॅननं पाव अँपिअर घेतलं तर पाच वॉट, आणि तिच्या पाठीला पत्र्याचा तुकडा पण नसेल. ती तापून स्वतःला बंद करते, फॅन थांबतो, मग कूलर म्हणजे नुसता धातूचा गोळा. तुम्ही झाकण उघडता तोपर्यंत ती गार होते आणि फॅन परत गरगर. म्हणून तुम्हाला वाटतं फॅन कधी थांबलाच नाही.

टाळकरी_सेलू (३:२२)
आँ. झाकणाला भोक आहे. आज रात्री टॉर्च लावून बसतो.

टाळकरी_सेलू (रात्री १०:०५)
थांबला. सतराव्या मिनिटाला फॅन थांबला. आवाज बाविसाव्या मिनिटाला गेला.

वावरातला_इंजिनिअर (१०:०८)
म्हणून म्हणलं.

सोल्डर_आणि_धूर (१०:१४)
फॅन चालू राहिला असता तरी पावणेतीन ओहमवर गेलाच असता, अर्धा तास उशिरा.

वावरातला_इंजिनिअर (१०:१६)
अर्ध्या तासात हरिपाठ संपतो.

जुना_मेकॅनिक (१०:३०)
फॅनला वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर द्या, वायफायच्या डबीचा बारा व्होल्टचा असेल तर तो पण चालतो. अँपच्या सप्लायतून घेतलं तर फॅनची किरकिर माइकमध्ये ऐकू येते. आणि फॅनचा वारा कूलरवर येतोय ना, उलटा लावला नाहीत ना?

सोल्डर_आणि_धूर (१०:४८)
स्पीकरचं असं करा. दोन कॉलम सिरीजमध्ये, म्हणजे सोळा. त्याला समांतर बायकांकडचा आठ. मिळून सव्वापाच ओहम. उष्णता चाळीसेक वॉटवर येते, फॅन चालू असेल तर मायका घालूनही आयसी १४५ च्या आत राहील, पण अगदी काठावर. सिरीजमधल्या एकेका कॉलमला बायकांकडच्या बॉक्सच्या चौथाई ताकद मिळेल, म्हणून ते दोन महाराजांच्या जवळ, पुढच्या रांगांसाठी ठेवा. दूरचा एकटा. आवाजाचं बटण तीन चतुर्थांशच्या पुढं नेऊ नका. खरं चांगलं म्हणजे तसाच दुसरा बोर्ड आणि दुसरा कूलर, ट्रान्सफॉर्मर पाच अँपिअरचा आहे, पुरेल. पण ते पुढच्या सप्ताहाला.

वावरातला_इंजिनिअर (११:०१)
मायका घातलाच तर कूलर डब्यालाच स्क्रूनं धरा, प्लाय काढा. आणि आतली गरम हवा बाहेर जायला वरच्या पत्र्याला भोकं पाडा. फॅन आतलीच तापलेली हवा फिरवत बसला तर काय उपयोग?

जुनी_पारायणे (११:१०)
एक सूचना. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, नियम २००० सालचे आहेत. कीर्तन वेळेत संपवा, म्हणजे अँपही वाचेल.

टाळकरी_सेलू (११:१३)
महाराजांना तुम्ही सांगा.

टाळकरी_सेलू (पुढचा सोमवार, सकाळी ८:५०)
अपडेट. मायका आणि बुशिंग घातलं, कूलर डब्याला कसला, मीटरवर कंटिन्युइटी नाही. फॅनला वेगळा अडॅप्टर. झाकणाला सोळा भोकं, त्यातली तीन वाकडी. स्पीकर सोल्डर_आणि_धूर भाऊंनी सांगितले तसे. पहिल्या दोन दिवसांची कीर्तनं झाली, अडीच-अडीच तास. एकदाही बंद पडला नाही. कूलरवर बोट ठेवून सात आकडे मोजता येतात, मग चटका बसतो. मागच्या वेळी दोन सुद्धा मोजता येत नव्हते. एक अडचण: पुढच्या रांगेतले म्हणतात पखवाज पहिल्यापेक्षा हळू येतोय. बायकांच्या बाजूचे म्हणतात एवढा आवाज कशाला.

सोल्डर_आणि_धूर (९:०२)
चौथाईचं आधीच सांगितलं होतं. दुसरा बोर्ड.

जुना_मेकॅनिक (९:२०)
आयसी नकली नव्हती म्हणायची. चला.

वावरातला_इंजिनिअर (९:२५)
इन्व्हर्टरचे दोन्ही हीटसिंक ठेवलेत बाजूला. नेणार का?

टाळकरी_सेलू (९:४०)
काल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो न्यायला. वसमतला ना?

रिकामटेकडा (९:५५)
दहा इंची सबवूफरच्या बॉक्सचं कुणी सांगितलंच नाही.